चहा की कॉफी? आधी पोटाचं पाहू

पोलीस भरतीचे वारे वाहू लागले की चंद्रपूर-गडचिरोलीची मैदानं पहाटे पाचलाच भरतात. मुलं १६०० मीटर धावतात, मुली ८००. तिथून घाम पुसत थेट अभ्यासिकेत. अशाच एका अभ्यासिकेत मी आठवड्यातून दोन दिवस मराठी व्याकरण शिकवतो. हल्ली प्रयोग आणि समासाआधी एक प्रश्न येतो, "सर, सकाळी चहा घ्यावा की काळी कॉफी?" कॉफीनं दम वाढतो, वाचलेलं डोक्यात बसतं, असं कुणीतरी मोबाईलवर सांगितलेलं असतं.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात वर्षभर धानाच्या एका पिकावर भागवायचं असतं, तिथं या नोकरीवर सगळ्यांचे डोळे असतात.

दोन्हींत काम करतं ते कॅफिन. आपण जागे असतो तसा मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि झोप येऊ लागते. कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, फक्त जाणवेनासा होतो. टपरीवरच्या कटिंगपेक्षा कपभर कॉफीत कॅफिन बरंच जास्त, म्हणून तिचा झटका मोठा. धावण्यात तिचा थोडा फायदा होतो, हेही खरं. पण घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेली कॉफी रात्री अकरालाही अर्धी अंगात असते. झोप मोडली की पाठांतर मोडलं.

या उसनवारीचा हिशेब रमजानमध्ये दिसतो. चहाची सवय असलेल्यांचं डोकं पहिल्या दोन-तीन रोज्यांत दुपारनंतर ठणकतं, मग आपोआप थांबतं. लोक म्हणतात, उपास बाधला. बऱ्याचदा तो सुटलेल्या चहाचा तगादा असतो.

कॉफीचा इतिहासच जागरणाचा आहे. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रमध्ये डोळा लागू नये म्हणून कहवा पीत. १५११ मध्ये मक्केत त्यावर बंदीही आली, पण टिकली नाही. तिथल्या मोखा बंदरातून सात बिया आणून बाबा बुदन यांनी चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. चहाची गोष्ट वेगळी. पहिल्या महायुद्धाच्या काळात चहाच्या व्यापाऱ्यांनी गिरण्या, कारखाने आणि कोळशाच्या खाणींत चहा विकायला सुरुवात केली. मजूर तरतरीत राहिला की काम जास्त होतं, हे मालकांना पटलं. आमच्या खाणपट्ट्यात पहिल्या पाळीचा माणूस आजही चहा पिऊनच घर सोडतो.

म्हणजे दोन्ही पेयं जागं ठेवण्यासाठी. पोट भरणं हे त्यांचं काम कधीच नव्हतं. कॅफिनमध्ये ताकद नाही. कपातली ताकद साखरेची, आणि दूध असेल तर दुधाची. भामरागडकडच्या माडिया घरांत गाईचं दूध काढायची रीतच नव्हती, दूध वासराचं मानलं जाई. तिथला चहा कोरा. पण तिथं आंबील होती, आणि ती पिऊन माणूस जंगलात दिवस काढत असे. आंबील सुटली आणि तिच्या जागी नुसता कप आला, तर हा व्यवहार तोट्याचा.

मुलींच्या बाबतीत तोटा दुप्पट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चहा-कॉफी जेवणासोबत घेतली तर डाळ-भाजीतलं लोह अंगी कमी लागतं. पहाटे धावणारी, मग घरचं पाणी भरणारी आणि अकरापर्यंत दोन कपांवर राहणारी मुलगी ८०० मीटरला धापा टाकते, तेव्हा तिला आळशी म्हणू नये.

म्हणून माझं उत्तर असं. धावण्याआधी एखादं केळं किंवा मूठभर फुटाणे-गूळ. आल्यावर पोहे, उसळ किंवा रात्रीचा फोडणीचा भात. त्यानंतर तासाभराने चहा घ्या किंवा कॉफी, जी पोटाला मानवेल ती. दुपारनंतर दोन्ही बंद. परीक्षेच्या दिवशी नवा प्रयोग नको. आणि घरात लेकीला चहाचा कप देताना आयांनी, अब्बांनी एवढंच विचारावं, "बाळा, काही खाल्लंस का?"