अग्रशाळेतील चूल

गोव्याबाहेरच्या मित्राला ‘अग्रशाळा’ या शब्दाचा अर्थ सांगताना माझी नेहमीच थोडी पंचाईत होते. धर्मशाळा म्हणावे, तर येथे येणारा केवळ वाटसरू नसतो. खाणावळ म्हणावे, तर येथे कोणी पान मांडून आपली वाट पाहत नसते. देवळाच्या आवारात एक लांबट इमारत, ओळीने खोल्या, पुढे पडवी आणि मागे रांधण्याची जागा, एवढाच तिचा संसार. देवस्थानाकडून किल्ली मिळते, हंडे-पातेली मिळतात. तांदूळ, नारळ, सोले ज्याची त्याने आणावयाची. आपल्या हातांनी रांधावे, जेवावे आणि भांडी घासून परत करावीत.

या परिपाठाचे मर्म अंत्रुज महालाच्या इतिहासात आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील मुलखात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भाविकांनी आपले देव नदीपलीकडे नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास. देव फोंड्यास स्थिरावले. भक्त मात्र पांगले. कोणी मागेच राहिले, कोणी कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेले. त्यामुळे कुलदेवाच्या गावी देवाचे घर आहे, पण भक्ताचे नाही, अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली. अग्रशाळा हे त्या नसलेल्या घराचे नाव आहे.

वकिलीच्या सवयीने मी या घराचा कायदा शोधू लागतो. गोव्यातील देवस्थानांचा कारभार अजूनही १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीने चालतो. महाजनांची नावे तीत सांगितलेल्या रीतीने नोंदली जातात. पण अग्रशाळेत उतरलेला महाजन ना मालक, ना भाडेकरू. चार दिवस तो त्या खोलीला ‘आमची खोली’ म्हणतो आणि पाचव्या दिवशी दुसऱ्याच्या हाती किल्ली देऊन निघतो. इतका निर्लोभ ताबा मला कोणत्याही दिवाणी दाव्यात आढळलेला नाही.

एका जत्रेच्या वेळी आमच्या आत्याची आणि मंगळुराहून आलेल्या एका आजींची चुलीवरून चांगलीच जुंपली. दोघींची पातेली भरलेली, चूल एकच. आधी कोण आले, याचा मी मनात निवाडा करीत होतो, तोच आत्याने विचारले, “तुमचो मूळ गांव खंयचो?” आजी म्हणाल्या, “लोटली.” आत्या क्षणभर गप्प राहिल्या. आमचाही मूळ गाव तोच. चार शतकांपूर्वी कदाचित एकाच वाड्यातून निघालेली दोन घराणी एका चुलीपाशी पुन्हा भेटत होती. त्या दुपारी आत्यांचे तेफळ घातलेले खतखते आणि आजींचे दाळीतोय आम्ही एकाच पंगतीत जेवलो. आधी कोण आले, हा प्रश्न अनिर्णीतच राहिला.

आता अनेक ठिकाणी नव्या खोल्या झाल्या आहेत, खोलीलाच न्हाणीघर जोडलेले आहे, आवारात उपाहारगृह आहे. एका देवस्थानाने सामाईक स्वयंपाकघर बंदही केले. त्यांची कारणे खोटी नाहीत. धूर, आगीचे भय, पाण्याची नासाडी, सारेच खरे. ऐंशी वर्षांच्या माणसाला फुंकणी हाती धरायला सांगणे ही भक्ती नव्हे. शिवाय त्या जुन्या चुलीजवळ कोणाला येऊ दिले जात नसे, हेही आपण विसरू नये. जुने ते सारे पवित्र, असे मी म्हणणार नाही.

तरीही एक खोली, एक शेगडी आणि चार पातेली राखून ठेवावीत, आणि त्या शेगडीशी येणाऱ्याला जात विचारू नये, एवढीच माझी विनंती आहे. उपाहारगृहात आपण शेजारच्या मेजाकडे पाहतही नाही. चुलीपाशी मात्र विस्तव मागावा लागतो, मीठ मागावे लागते, आणि मागता मागता गाव विचारला जातो. दर्शन गाभाऱ्यात होते हे खरे. परंतु पांगलेल्या माणसांना आपण एकाच देवाची लेकरे आहोत हे कळते, ते पुष्कळदा मागल्या दारी, भांडी घासताना.