पहिला शब्द कोणाचा?

मुलाला पहिला दांत आला म्हणजे दूध पाजतांना वाटीचा कांठ त्यावर वाजतो आणि सर्वांची खात्री पटते. त्यानें पहिलें पाऊल टाकलें म्हणजे सारें घर टाळ्या वाजवितें. पहिल्या शब्दाचें मात्र तसें नाहीं. तो उच्चारला गेला कीं नाहीं, याविषयींच घरांत दोन पक्ष पडतात. आई म्हणते, "त्यानें मला हांक मारली." आजी म्हणते, "अग, तें नुसते ओठ हालवीत होतें." आणि वडील कामावरून परत येईपर्यंत तो शब्द हवेंत विरून गेलेला असतो. दांत मुलाच्या तोंडांत असतो, पाऊल जमिनीवर पडतें. शब्द मात्र ऐकणाऱ्याच्या मनांत पोंचल्यावांचून शब्द होत नाहीं. म्हणून मूल केव्हां बोलूं लागलें, असें विचारतांना त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: तें बोललें, हें ओळखणारें कोणी जवळ होतें काय?

बोलण्याची तयारी जगभर बऱ्याचशा सारख्याच क्रमानें होते. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञानें १९४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें मांडलें कीं, ओठांनीं होणारे म, ब, प हे ध्वनि मुलाला आधीं साधतात आणि जिभेच्या कसरतीचे ध्वनि मागाहून येतात. त्याच्या सिद्धान्तांतील कित्येक बारकावे पुढें दुरुस्त झाले. परंतु त्याचें मूळ म्हणणें आपल्या घरांतल्या अनुभवाशीं जुळतें. सहाव्या-सातव्या महिन्यांत मूल 'बाबाबा', 'मामामा' असे ध्वनि घोळवूं लागतें आणि नातलग मोठ्या तत्परतेनें त्यांत आपापलीं नांवें शोधून काढतात. आपला र मात्र पुष्कळ दिवस ल होऊन वावरतो, क चा त होतो, आणि ळ व ण यांना तर फारच उशिरां प्रवेश मिळतो.

या कोंवळ्या जिभेसाठीं मराठीनें एक स्वतंत्र शब्दसंग्रहच बाळगला आहे. भूभू, माऊ, काऊ, हम्मा, मंमं, भुर्र, बाऊ हे शब्द मुलांनीं बनविलेले नव्हेत. मोठ्या माणसांनीं ते पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हातीं दिले आहेत. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनीं १९६४ सालीं मराठींतील या बालबोलीवर एक शास्त्रीय निबंध लिहिला. आणि त्याच वर्षीं चार्ल्स फर्ग्युसन यांनीं सहा भाषांतील बालबोलींची जी तुलना केली, तींत मराठीलाहि स्थान मिळालें. एरव्हीं शुद्ध बोलण्याचा आग्रह धरणारा गृहस्थ नातवंडापुढें बसून 'माऊ आली, काऊ गेला' म्हणूं लागतो, तेव्हां तो अर्धी वाट चालून मुलाला भेटावयास गेलेला असतो. उरलेली अर्धी वाट मूल चालून येतें.

आमच्या भिवंडींत अशा वाटा पुष्कळ आहेत. आसपासच्या खेड्यांतून आगरी बोली गांवांत येते. कोंकणी मुसलमानांची मराठीच्या जवळची बोली येथें फार जुनी. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनीं आपली उर्दू आणि पूरबी आणली. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं तेलुगु आणली व त्यांच्या वस्तीनें पद्मानगर वसलें. विजेच्या मागांमागोमाग बिहार आणि ओरिसा येथूनहि माणसें आलीं. १९८४ सारख्या वर्षीं या गांवानें माणसा-माणसांतल्या भिंती किती उंच होतात तें भोगलें आहे. पण एरव्हींच्या दिवसांत रांगणारें मूल कोणाचा उंबरठा कोणत्या भाषेचा, हें पाहून आंत जात नाहीं.

माझी नात असाच एक उंबरठा ओलांडून वाढली. सूनबाई शाळेंत शिकवावयास जातात. दुपारच्या वेळीं पोर शेजारच्या तेलुगु बाईंकडे असे. त्यांना आम्ही सारेच 'अम्मा' म्हणतों. एका संध्याकाळीं नात 'बुव्वा, बुव्वा' असें म्हणत रडूं लागली. तिला कोणी बागुलबुवाची भीति घातली असावी, असें समजून तिच्या आजीनें खिडकी लावून घेतली आणि 'गेला हो बुवा, गेला' अशी समजूत घातली. पोर अधिकच मोठ्यानें रडूं लागली. तेवढ्यांत अम्मा दहींभाताची वाटी घेऊन आल्या. तेलुगु बालबोलींत 'बुव्वा' म्हणजे भात! पोर भुकेली होती, आणि आम्ही तिचें अन्न खिडकीबाहेर घालवीत होतों. दुसरा घोटाळा 'ताता' या शब्दाचा. आम्हांस वाटे, ती 'काका' म्हणतांना क चा त करीत आहे. अम्मांना ती स्पष्टपणें आजोबांस हांक मारीत असलेली ऐकूं येई, कारण तेलुगुंत 'तात' म्हणजे आजोबा. हा मान मला मिळालेला आहे हें मला बऱ्याच उशिरां समजलें.

ती बावीस महिन्यांची झाली तेव्हां घरांत चिंता शिरली. दवाखान्याच्या भिंतीवरील तक्त्यांत दुसऱ्या वर्षाअखेर पन्नास शब्द लिहिलेले होते, आणि सूनबाईंनीं वहींत टिपलेले शब्द भरले चौदा. तपासणाऱ्या डॉक्टरांनीं सल्ला दिला कीं, मूल भाषांच्या गोंधळांत सांपडलें आहे. घरांत एकच भाषा ठेवा. सल्ला सद्‌हेतूनेंच दिलेला होता. त्याचा परिणाम मात्र असा झाला कीं, अम्मा बोलेनाशा झाल्या. आपल्या बोलण्यानें पोरीचें नुकसान होत आहे असें त्यांनीं मनास लावून घेतलें. त्या वाटी पुढें करीत, हंसत, तिचे केस विंचरीत. पण तोंडांतून शब्द काढीत नसत. मराठी त्यांना दोन वाक्यांपलीकडे येत नव्हतें. एका मुलीला बोलतें करण्यासाठीं तिच्यावर जीव लावणारें एक माणूस मुकें झालें होतें.

या सल्ल्याला शास्त्राचा आधार आहे काय, हें मीं वाचून पाहिलें. तो नाहीं. दोन किंवा तीन भाषा कानांवर पडल्यानें बोलण्यास उशीर होतो, ही समजूत संशोधनानें मागेंच सोडून दिली आहे. अमेरिकेंतील मायामी शहरीं स्पॅनिश व इंग्रजी या दोन्ही भाषांत वाढणाऱ्या लहान मुलांचे शब्द १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत मोजले गेले. दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरले तेव्हां त्यांची बेरीज एकभाषी मुलांच्या तोडीची भरली. दुभाषी मुलाची एकच भाषा मोजणें म्हणजे दोन खिशांतले पैसे ठेवणाऱ्याचा एकच खिसा चांचपून त्याला दरिद्री ठरविणें होय. आम्ही मग अम्मांस बसवून त्यांना ठाऊक असलेले शब्द विचारले: ते अकरा निघाले. गल्लींतल्या मुलांकडून उचललेले हिंदी-उर्दू शब्द सात. चौदा, अकरा आणि सात मिळून बत्तीस झाले.

पन्नासांचा आंकडा तरीहि दूरच होता. पण हे आंकडे कसे ठरतात तेंहि पाहिलें पाहिजे. कांहीं तक्ते निम्मीं मुलें जें करतात तें वय लिहितात. अशा तक्त्यानुसार जगांतलीं निम्मीं मुलें नेहमींच मागें पडलेलीं असणार. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें २०२२ सालीं आपली यादी बदलली आणि शंभरांतलीं निदान पंचाहत्तर मुलें ज्या वयीं एखादी गोष्ट करतात तें वय धरलें. त्या यादींत दीड वर्षाला आईबापांच्या नांवांखेरीज तीन शब्द, दोन वर्षांला दोन शब्दांची जुळणी आणि अडीच वर्षांला सुमारें पन्नास शब्द, असे टप्पे आहेत. या बदलावर तज्ज्ञांत वाद झाला. धागा सैल सोडल्यास गरजू मुलें मागें राहतील, अशी भीति कित्येकांनीं बोलून दाखविली. दोन्ही पक्षांचें म्हणणें ध्यानांत घेऊन मीं एवढेंच ठरविलें कीं, मैलाचा दगड वाट चुकली कीं काय हें सांगण्यासाठीं असतो. त्यावर मुलाचें डोकें आपटण्यासाठीं नसतो. अम्मांना मीं स्वतः जाऊन पुन्हां बोलावयाची विनंति केली. दोन वर्षें पुरीं होण्याच्या आधींच पोरीनें ताट पुढें ढकलून म्हटलें, "बुव्वा दे." एक शब्द तेलुगु, एक मराठी. दोन शब्दांची जुळणी झाली होती, आणि तिचा अर्थ दोन्ही घरांना कळला.

ही हकीकत ऐकून कोणी निश्चिंत होऊन बसेल, तर मात्र अनर्थ होईल. आमच्याच गल्लींत एका मागकामगाराचा मुलगा होता. तोहि बोलत नव्हता, आणि त्यालाहि सर्वांनीं धीर दिला. 'मुलगे उशिरांच बोलतात', 'याचा बापहि चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता', अशीं वाक्यें आपल्याकडे तयारच असतात. कोणी वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावलें. संस्कृतांत वेखंडाचें नांवच वचा, म्हणून त्यावर लोकांची श्रद्धा. पण दोष जिभेंत नव्हता. यंत्रमागाच्या खोलींतला आवाज नव्वद डेसिबलांच्या वर जातो, शेजारच्या माणसाशीं बोलतांना ओरडावें लागतें. मागांशेजारच्या घरांतलीं मुलें त्या खडखडाटांत निवांत झोंपतात, आणि वीज जाऊन माग थांबले म्हणजे शांततेनें दचकून जागीं होतात. त्या माउलीच्या लक्षांत आलें कीं, सगळीं पोरें उठून बसतात, आपलें तेवढें झोंपून राहतें. मग तिनें त्याच्या पाठीमागें उभें राहून हांका मारून पाहिल्या. त्यानें मान वळविली नाहीं. तो तेव्हां अडीच वर्षांचा होता. तपासणींत त्याला ऐकूं येत नाहीं असें ठरलें. तिसऱ्या वर्षीं कानांना यंत्रें लागलीं आणि शिकवण सुरू झाली. आतां तो बोलतो, पण गेलेले महिने त्याला कष्टानें भरून काढावे लागत आहेत.

न ऐकणाऱ्या मुलाला बोलणें आपोआप येत नाहीं, हें सोळाव्या शतकांत अकबरानेंहि पाहिलें. त्यानें कांहीं तान्हीं मुलें एका वाड्यांत ठेवून त्यांच्याशीं कोणी बोलूं नये असा बंदोबस्त केला. मुलें मुकीं निघालीं आणि त्या वाड्याला गुंगमहाल हें नांव पडलें. आपल्याला असले क्रूर प्रयोग करण्याची गरज नाहीं. जन्मानंतर पहिल्या महिन्यांत कान तपासावे, तिसऱ्या महिन्याच्या आंत निदान व्हावें आणि सहाव्या महिन्याच्या आंत उपाय सुरू व्हावा, असा आज सर्वत्र मानलेला नियम आहे. बांद्र्याला अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठीं आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ तेव्हां आपल्याच ठाणें जिल्ह्यांत असलेल्या पालघर येथून झाला. त्यांत तपासावयाच्या दोषांच्या यादींत बहिरेपण आणि भाषेचा उशीर हे दोन्ही आहेत, आणि अंगणवाडींतल्या मुलांची वर्षांतून दोनदां तपासणी सांगितलेली आहे. वर्षाचें होऊनहि मूल ध्वनि घोळवीत नाहीं, बोटानें वस्तु दाखवीत नाहीं, नांवानें हांक मारल्यास वळत नाहीं, किंवा आलेले शब्द गमावूं लागतें, तर वाट पाहूं नये. अशा वेळीं धीर देणारा शेजारी हितकर्ता ठरत नाहीं.

तान्ह्या बाळाच्या जन्माबरोबर जातकर्मांत पिता त्याच्या उजव्या कानाशीं तोंड नेऊन 'वाक्' हा शब्द तीनदां म्हणतो, असा आपला जुना विधि आहे. पलीकडच्या मोहल्ल्यांत जन्मलेल्या बाळाच्या उजव्या कानांत अजान म्हटली जाते. दोन्ही धर्मांच्या वडिलधाऱ्यांनीं वाणी द्यावयाची ती जिभेवर न ठेवतां कानांत ठेवली, याचें मला फार नवल वाटतें. बाळ त्या पहिल्या बोलाचें उत्तर लगेच देत नाहीं. त्याला वर्ष लागतें, कधीं अधिकहि लागतें, आणि उत्तर कोणत्या भाषेंत येईल याचा नेम नसतो. तोंपर्यंत घरांतल्या माणसांनीं, शेजाऱ्यांनीं, ज्याला जी भाषा येते त्यानें त्या भाषेंत बोलत राहावें, आणि तें बोलणें बाळाला ऐकूं येत आहे ना, एवढें मागें उभें राहून पाहावें.