सात किलोंची यात्रा

पुण्याहून सम्मेद शिखरजीला संघ आगगाडीने निघत असे, तेव्हा फलाटावर माणसांपेक्षा सामानच अधिक दिसे. होल्डॉल, लोखंडी ट्रंका, शिधा भरलेले डबे, पाण्याच्या कोठ्या, गाळण्याचे कापड. सामान मोजून घेणारा एक स्वतंत्र कारभारीच नेमलेला असे. आता अनेक कुटुंबे रांचीपर्यंत विमानाने आणि तेथून चार-पाच तास मोटारीने मधुबनला जातात. प्रवास आटोपशीर झाला, पण सामानाची सवय मात्र जुनीच राहिली आहे. लोहगाव विमानतळावर तीन जणांच्या कुटुंबापुढे सहा बॅगा आणि त्यांवर दोरीने बांधलेला खाकऱ्यांचा डबा हे दृश्य आपल्यापैकी कोणाला अपरिचित नाही.

आमच्या मोठ्या भाभीजींचे वय ७१. शिखरजीची त्यांची इच्छा अनेक वर्षांची होती. महिला मंडळ दरवर्षी जाई आणि भाभीजी दरवर्षी मागे राहत. प्रकृतीचे कारण नव्हते. त्या रोज सकाळी सारसबागेला दोन फेऱ्या घालतात. कारण एवढेच, की "बॅग कोण उचलणार?" मुलगा दुकान सोडून येऊ शकत नव्हता आणि दुसऱ्याच्या सुनेला आपले ओझे देणे त्यांना पटत नव्हते. एका बॅगेपायी एखाद्याची यात्रा राहावी, ही गोष्ट मला क्षुल्लक वाटली नाही. म्हणून मी या विषयात लक्ष घातले.

देशांतर्गत विमानात साध्या वर्गाच्या प्रवाशाला सामान्यतः ७ किलोंची एक बॅग जवळ बाळगता येते. तिचे माप बहुधा ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर असते. तरीही तिकिटावरील नियम वाचून घ्यावा. या मापांचा गुणाकार ४८ लिटरच्या आसपास येतो. म्हणजे ३५ ते ४० लिटरची सॅक पुरते. गिर्यारोहकांची ५०-६० लिटरची सॅक कितीही देखणी असली तरी तिची उंची नियमात बसत नाही. खरी गोम वजनात आहे. चाकांच्या लहान बॅगेचे रिकामे वजनच अडीच-तीन किलो भरते. सात किलोंच्या भांडवलातून एवढी रक्कम आधीच खर्ची पडते. चांगली सॅक सव्वा किलोत मिळते. बँकेत असताना आम्ही कर्जदाराच्या उलाढालीआधी त्याचा स्थिर खर्च पाहत असू. येथेही तोच हिशेब आहे.

भाभीजींना घेऊन मी लक्ष्मी रस्ता आणि रविवार पेठ अशी दोन दिवस पायपीट केली. दुकानदार आधी कप्पे मोजून दाखवतो. कप्प्यांना भुलू नये. प्रत्येक कप्प्याबरोबर साखळी आणि कापड वाढते, म्हणजे वजनही वाढते. पाहावयाचे ते पट्टे. खांद्याचे पट्टे रुंद आणि गादीचे हवेत, छातीवर जोडणारा लहान पट्टा हवा, आणि कमरपट्टा तर हवाच, कारण तो नीट आवळला की भार खांद्यांवरून उतरून कमरेच्या हाडांवर येतो. पुस्तकासारखी पूर्ण उघडणारी सॅक घ्यावी. वरून तोंड असलेल्या सॅकमध्ये तळाशी गेलेली मुहपत्ती काढताना सारी पथारी पसरावी लागते.

कापडाच्या चिठ्ठीवर ४२० किंवा ६०० डेनिअर असे लिहिलेले असते. कापडाच्या व्यापारातील वाचकांना हे सांगणे नको, पण इतरांसाठी सांगतो: ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. आकडा मोठा तितका धागा जाड, आणि बॅगही जड. आपल्याला ४२० डेनिअरचे नायलॉन पुष्कळ झाले. आणखी एक गोष्ट आपण विचारलीच पाहिजे. कापडी सॅकवरही नाममुद्रेची पट्टी किंवा साखळीचे टोक चामड्याचे असते. "लेदर आहे का?" या प्रश्नाला दुकानदार अभिमानाने "हो, असली!" म्हणतो, तेव्हा आपण नम्रपणे पुढच्या दुकानाकडे वळावे.

दुकानात रिकामी सॅक पाठीवर घेऊन आरशात पाहण्याला काही अर्थ नाही. आम्ही ती घरी आणली, पुतण्याच्या दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर भरून तोलली आणि भाभीजींनी ती घेऊन पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून पाहिल्या. पहिल्या दिवशी मान अवघडली. साड्या तळाशी, जड वस्तू पाठीच्या कण्यालगत आणि मध्यावर, हलके कपडे बाहेरच्या बाजूला अशी मांडणी बदलली, तेव्हा तेच वजन त्यांना निम्मे वाटू लागले. ज्यांना मणक्याचा विकार आहे त्यांनी मात्र हा प्रयोग करू नये. त्यांच्यासाठी चाकांची बॅगच योग्य, मग दोन साड्या कमी न्याव्या लागल्या तरी चालेल.

काय न्यावे, यावर घरात बराच वाद झाला. आसन, मुहपत्ती, पूंजणी आणि माळ यांवर चर्चा नव्हती. अंथरूण-पांघरूण वगळले, कारण धर्मशाळेत सोय होते. अडकित्ता भाभीजींच्या बटव्यात जन्मापासून असल्यासारखा आहे. तो विमानात जवळ बाळगता येत नाही, म्हणून घरी राहिला. मोबाइलची पॉवर बँक मात्र उलट: ती जवळच ठेवावी लागते, आत जमा करायच्या सामानात चालत नाही. २०,००० एमएएचची बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते आणि मर्यादा १०० ची आहे, त्यामुळे काळजी नाही.

सर्वांत महत्त्वाचा कप्पा मी खाण्याचा मानतो, आणि त्याला कारण भूगोलाचे आहे. मधुबन पुण्याच्या पूर्वेला सुमारे १२ रेखांश आहे. घड्याळ एकच असले तरी सूर्य तेथे लवकर मावळतो. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, तर तिकडे पाचच्या सुमारास. चौविहार पाळणारा प्रवासी पुण्याच्या सवयीने निवांत राहिला, तर मोटारीतच वेळ टळून जाते. तेव्हा खाकरे, दशम्या, भाजलेले मखाणे आणि पाण्याची बाटली सॅकच्या सर्वांत वरच्या, एका हाताने उघडणाऱ्या कप्प्यात ठेवावी. पाणी अर्थातच सुरक्षा तपासणीनंतर भरून घ्यावे.

डोंगरावर ही सॅक न्यायचीच नाही. २० तीर्थंकरांची ती निर्वाणभूमी; नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांची वंदना आणि नऊ उतार अशी २७ किलोमीटरांची यात्रा अनवाणी पायांनी करायची असते. मध्यरात्रीनंतर निघताना सॅक धर्मशाळेत ठेवावी आणि मुठीत मावणारी घडीची कापडी पिशवी तेवढी खांद्याला लावावी. २०१९ च्या अधिसूचनेतील पर्यटनाच्या तरतुदींविरुद्ध आपला समाज देशभर रस्त्यावर उतरला आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्राने तेथील पर्यटनविषयक कामे थांबवली. त्यानंतर तरी आपल्याच यात्रेकरूंच्या रिकाम्या बाटल्या त्या वाटेवर दिसू नयेत. पिशवीचा एक कोपरा त्यासाठी मोकळा ठेवावा.

डोलीचा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या गुडघ्यांशी आणि मनाशी सोडवावा. वृद्धांना आणि आजाऱ्यांना ती लागतेच आणि डोलीवाल्यांची चूलही त्यावरच पेटते. पण डोलीत बसताना मांडीवर चार किलोंची पर्स घेणारी मंडळी पाहिली की मला राहवत नाही. तो भार शेवटी कोणाच्या तरी खांद्यावर जातो. आपले साधू-साध्वी आपली उपकरणे स्वतः वाहत शेकडो कोसांचा विहार करतात. आपण निदान हातातील पर्स तरी खाली ठेवू शकतो.

भाभीजी गेल्या मार्गशीर्षात मंडळाबरोबर जाऊन आल्या. जाताना सॅक ६ किलो ४०० ग्रॅम होती. वर जाताना त्या चालल्या, उतरताना गंधर्व नाल्यापर्यंत डोली केली. परत आल्यावर त्यांनी सॅक पुन्हा काट्यावर ठेवायला लावली: ५ किलो ९००. दोन साड्यांच्या घड्या मोडलेल्याच नव्हत्या. पालिताण्याच्या वेळी त्या काढून टाकायच्या, असे त्यांनी स्वतःच सांगितले, आणि पुढची तिकिटे कधीची आहेत ते विचारले.