नापास झालेल्या नर्सिंगच्या पोरी आणि माझी एक चुकलेली बातमी

पोस्ट लांब आहे. घरात, भावकीत, गल्लीत कुणी पोरगी नर्सिंगला असेल तर वेळ काढून वाचा. नसेल तर पुढं सरका, राग नाही.

मागच्या वर्षी जीएनएमच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी एक बातमी केली होती. आतल्या पानावर, दोन कॉलम. मथळा होता 'नर्सिंगचा निकाल घसरला. विद्यार्थिनींचं अभ्यासाकडं दुर्लक्ष'. माहिती एका माणसानं फोनवर दिली होती. "अहो, पोरी दिवसभर मोबाईलमध्ये असतात, काय करणार?" मी ते जसंच्या तसं लिहिलं आणि पान सोडलं. एकाही पोरीला विचारलं नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्या महिन्यात शिकवतात की दुसरी बाजू घ्या. वीस-बावीस वर्षं या धंद्यात काढून मी ती घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पीत होतो. चुलतभावाची पोरगी आमच्याकडंच राहते. भाऊ-वहिनी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यात परत येतात, म्हणून तिला शिकायला आमच्याकडं ठेवलंय. तिनं पेपर माझ्यासमोर ठेवला, बातमीवर बोट ठेवलं. "काका, यातली एक मी हाव."

दोन विषय गेले होते. घरात तिनं सांगितलं होतं की निकाल अजून लागायचाय. त्या दिवशी चहा तसाच गार झाला.

वहिनीला फोन केला तर पलीकडून भाऊच बोलला. "जमत नसल तर राहू दे. एक स्थळ आलंय." म्हणजे निकालाचा कागद नुसता निकालाचा नव्हता. फीसाठी उचल घेतलेली, वर लग्नाचं टुमणं. पुढच्या खेपेला निघाली नाही तर पोरगी पुढच्या दिवाळीला कुठं असेल हे मला दिसत होतं.

आता माझ्या बातमीतलं 'दुर्लक्ष' किती खरं होतं ते ऐका. पोरगी रोज रात्री पाच तास बसायची. मी स्वतः उठून लाइट बंद करायला सांगितलेलं आहे. तिचं पुस्तक बघितलं तर पिवळ्या, गुलाबी, हिरव्या पेनानं रंगवलेलं, कोरी ओळ सापडणं मुश्कील. "काय करायलीस एवढा वेळ?" तर म्हणे, "वाचायले." म्हणलं बरं, पुस्तक मिट आणि मला सांग, किडनी काय काम करते? तिनं इंग्रजीत दोन वाक्यं धडाधड म्हणली. तेच मराठीत सांग म्हणलं तर गप्प. डोळ्यात पाणी.

पोरगी कला शाखेची. जीएनएमला बारावी कुठल्याही शाखेची चालते, त्यामुळं तिच्यासारख्या कितीतरी पोरी दहावीनंतर थेट इथंच शरीरशास्त्राला भेटतात. शाळा जिल्हा परिषदेची, सगळं मराठीतून. आणि इथं पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, पास व्हायला पन्नास टक्के. तिला वाटायचं आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणजे आपल्याला डोकंच नाही. मोबाईल, म्हणे.

मला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून आमच्या गल्लीतल्या निवृत्त सिस्टरांकडं गेलो. सरकारी दवाखान्यात तीसेक वर्षं काढलेल्या, शेवटी वॉर्ड इन्चार्ज. त्यांनी पोरीला ओट्यावर बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुला हायपो म्हणजे काय माहितीय का?" नव्हतं. वर्षभर ती हायपोटेन्शन, हायपोग्लायसेमिया, हायपोथर्मिया हे तीन वेगवेगळे दगड पाठ करत होती. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद. शेवटी आयटिस आलं की दाह. नेफ्रो मूत्रपिंड, हिपॅटो यकृत, कार्डिओ हृदय. सिस्टर म्हणाल्या, "मराठीत उपसर्ग-प्रत्यय शिकलीस ना शाळेत? मग हे तेच आहे." साठ-सत्तर तुकड्यांची वही झाली. डावीकडं तुकडा, उजवीकडं मराठी. त्या वहीनं जेवढं काम केलं तेवढं महागड्या गाइडनं केलं नाही.

दुसरी गोष्ट सिस्टरांनी सांगितली ती मला लगेच पटली, कारण माझ्यावर बेतलेली होती. डिप्लोमाला असताना मी प्रेस लॉच्या पेपरात गचकलो होतो. पुस्तक चार वेळा वाचलेलं. वाचताना सगळं ओळखीचं वाटायचं, पेपर हातात आला की पाटी कोरी. ओळखीचं वाटणं आणि येणं यात फरक आहे. रस्त्यात माणूस ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही, तसं. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं होतं. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढं. आठवड्यानं विचारलं तर उलटं झालं, आठवून लिहिणारे पुढं. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

सिस्टरांना तो प्रयोग माहीत नव्हता. त्या एवढंच म्हणायच्या, "पुस्तक मिट आणि बोल."

मग आमच्या अंगणात एक तमाशा सुरू झाला. पोरगी खडूनं फरशीवर हृदयाचे चार कप्पे काढायची आणि स्वतः रक्त होऊन त्यातनं चालायची. उजवं एट्रियम, उजवं व्हेंट्रिकल, तिथनं पल्मनरी आर्टरीनं फुप्फुसात. फुप्फुस म्हणून मी खुर्चीवर बसलेला. माझ्याकडनं ऑक्सिजन घेऊन डाव्या बाजूनं परत, आणि महाधमनीतनं बाहेर, म्हणजे आमच्या न्हाणीकडं. कुठं झडप विसरली की बायको ओट्यावरनं ओरडायची. तिची बारावी कॉमर्स, पण पंधरा दिवसांत तिला ट्रायकस्पिड आणि मायट्रल पाठ. ज्या आकृतीला पोरगी आधी घाबरायची ती ती आता मिनिटभरात काढते. आणि एकदा काढून सोडली नाही. दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी, दर वेळी न बघता. मधे थोडं विसरू द्यायचं आणि मग आठवायचं, त्यानं पक्कं होतं.

गणिताचं तर विचारू नका. सलाइन 500 मिली, सहा तासांत द्यायचं, सेट 20 थेंबांचा. मिनिटाला किती थेंब? तिनं लिहिलं 1667. तासांची मिनिटं करायची राहिली होती. सिस्टर हसल्या नाहीत. घड्याळ पुढं ठेवलं आणि म्हणाल्या, "मोजून दाखव मला मिनिटाला सोळाशे थेंब." पोरगीच हसायला लागली. सहा तास म्हणजे 360 मिनिटं, 500 गुणिले 20 भागिले 360, साधारण 28 थेंब. तेव्हापासून उत्तर आलं की ती आधी डोळे मिटून थेंब पडताना बघते, मग लिहिते. मायक्रो सेटला 60 थेंबांचा एक मिली, म्हणून तासाला जेवढे मिली तेवढेच मिनिटाला थेंब. हे कळल्यावर तिला केवढा आनंद झाला होता.

पण सिस्टर त्या दिवशी एकदा चिडल्याच. मी सहज म्हणलं, "पास होण्यापुरतं आलं तरी बास." त्यांनी माझ्याकडं बघितलं. आपल्याकडं 40 युनिटचं इन्सुलिन असतं आणि 100 चंही असतं, सिरिंजा वेगळ्या. 100 च्या इन्सुलिनला 40 ची सिरिंज लावून 20 च्या खुणेपर्यंत भरलं तर 20 नाही, 50 युनिट आत जातात. "पास होण्यापुरतं शिकलेली नर्स तुमच्या आईच्या खाटेपाशी चालंल का?" माझ्या आईला शुगर आहे. मी गप्प बसलो.

वॉर्डाचं एक सांगतो, कारण खरी खोट मला तिथं दिसली. पोरगी तीन आठवडे मेडिकल वॉर्डला होती. एका पेशंटच्या पोटाचा घेर रोज टेप लावून मोजायची आणि कागदावर लिहायची. कशासाठी? "सांगितलं होतं म्हणून." त्या माणसाच्या पोटात पाणी झालं होतं, यकृत गेलेलं. घेर आणि वजन रोज मोजलं तर पाणी वाढतंय का उतरतंय ते कळतं, मीठ कमी का करायचं ते कळतं. पुस्तकातलं सिरोसिसचं पान तिच्या हातातल्या टेपमध्ये होतं आणि तिला कुणी ते जोडून दिलं नव्हतं. आता ती रोज घरी आली की एक पेशंट घेते, नाव-गाव न लिहिता, आणि त्याचंच पान काढते. काय झालं, का झालं, काय दिसलं, नर्सनं काय करायचं. परीक्षेतही उत्तर याच क्रमानं लिहायचं असतं, नुसता निबंध नाही.

आता थोडं पोरींच्या पलीकडचं. आमच्या भागातल्या पाच-सहा पोरींशी मी नंतर बोललो, म्हणजे जे आधी करायला पाहिजे होतं ते. वॉर्डात फायली ने, नमुने लॅबला पोचव, ट्रॉली ढकल, ही कामं सगळ्यांनी सांगितली. खाटेपाशी उभं राहून शिकवणारं माणूस आठवड्यातनं किती वेळा भेटतं विचारलं तर एकमेकींकडं बघून हसल्या. सकाळची ड्युटी, दुपारी वर्ग, रात्री असाइनमेंट उतरवणं. झोप पाच तास. झोप कापून केलेलं पाठांतर टिकत नाही, हे त्यांच्याच पुस्तकात लिहिलंय. मराठी माध्यमातनं आलेल्या पोरींना पहिले दोन महिने नुसत्या शब्दांचे वर्ग घेतले तर किती खर्च येतो? एक फळा, एक शिक्षिका. फी घेताना माध्यम कुणी विचारत नाही. संस्थाचालकांना आणि आपल्या लोकप्रतिनिधींना हा प्रश्न मी बातमीतनं विचारणार आहेच, इथंही विचारून ठेवतो.

पोरीचं काय झालं? दोनातला एक विषय सुटला, चांगल्या मार्कांनी. बायोसायन्स दोन मार्कांनी राहिला. ती त्या रात्री जेवली नाही. सकाळी उठून खडू घेऊन अंगणात गेली. भावाला मी फोन केला, एवढी एक खेप थांब म्हणलं. तो थांबलाय. हो म्हणला नाही, पण स्थळाचं पुन्हा काढलं नाही.

आता सिस्टरांच्या ओट्यावर दर रविवारी सकाळी दहाला सात पोरी बसतात. त्यातली एक इंग्रजी शाळेतली आहे. ती शब्द सांगते, बाकीच्या तिला इंजेक्शनच्या गणितात मदत करतात. सिस्टर फी घेत नाहीत, चहा घेतात.

त्या बातमीची दुरुस्ती पेपरात आली नाही, वर्षानंतर येतही नसते. म्हणून इथं देतो. 'विद्यार्थिनींचं अभ्यासाकडं दुर्लक्ष' हे मी न विचारता लिहिलं होतं. चूक माझी होती.

कुणाकडं शरीराचे जुने तक्ते, नर्सिंगची वापरलेली पुस्तकं पडून असतील तर कमेंटमध्ये सांगा, मी गाडी घेऊन येतो. आपल्या पोरीला रविवारी पाठवायचं असेल तर पाठवा. खडू मात्र घरून द्या, आमच्याकडचे संपत आलेत.