जोडणारे इंग्रजी शब्द

बँकेकडून आलेल्या एका सूचनेवरून परवां आमच्या घरीं चांगलाच वाद माजला. खातें आधार क्रमांकाशीं 'लिंक' करावें, असें तींत म्हटलें होतें. पानावर बसतां बसतां आमच्या नातीनें विचारलें, "आजोबा, खातें 'लिंक'च कां करायचें? 'जॉइन' कां नाहीं? दोहोंचा अर्थ जोडणें हाच ना?" ज्यानें जन्मभर मुलांस संस्कृत व इंग्रजी शिकविलें, त्यास असा प्रश्न म्हणजे पंचपक्वान्नांहून गोड. पुढ्यांतला भात तसाच राहिला आणि आम्ही बोलूं लागलों.

'लिंक' म्हणजे मुळांत सांखळीची कडी, मराठींत दुवा. प्रत्येक कडी शेजारच्या कडींत अडकलेली असते, पण तिच्यांत मिसळून जात नाहीं. खातें खातेंच राहतें आणि क्रमांक क्रमांकच. एकावरून दुसऱ्याचा माग लागतो, इतकेंच. बँकेनें शब्द अचूक योजिला आहे, असें कबूल केलें पाहिजे. 'जॉइन' ह्या शब्दांत टोंकास टोंक भिडतें. सुतार दोन फळ्यांचा जो सांधा करितो तो 'जॉइंट', आणि गुडघ्यांतला सांधाहि तोच (ह्या वयांत त्याचा अर्थ कोशांत पाहावा लागत नाहीं!). म्हणूनच नवराबायकोचें सामाईक खातें 'जॉइंट' ठरतें. तेथें दोघांचा पैसा एकाच पेटींत पडतो व कोणाचा किती हें विचारण्याची सोय राहत नाहीं.

'कनेक्ट' ह्याची तऱ्हा निराळी. हा शब्द लॅटिनांतील 'बांधणें' ह्या अर्थाच्या धातूपासून आला. ह्यांत दोन वस्तु दूरच राहतात आणि मध्यें एखादी तार, रस्ता किंवा नुसता संबंध असतो. एक गाडी मनमाडास दुसऱ्या गाडीस 'कनेक्ट' होते असें म्हणतात, तेव्हां त्या गाड्या एकमेकींस लागत नाहींत. उतारू तेवढे एकींतून दुसरींत जातात. डब्यास डबा प्रत्यक्ष अडकवितात तें 'कपलिंग'; त्यांतला 'कपल' म्हणजे जोडपें. तेथें बरोबर दोनच लागतात, तिसऱ्यास जागा नाहीं.

परंतु आम्हांस सर्वांत मौजेचा वाटतो तो 'अटॅच'. ह्यांत एक मोठें व एक लहान असतें. पत्रास पावती 'अटॅच' करितात, पावतीस पत्र नव्हे. इंग्रजींत हा शब्द प्रथम शिरला तो न्यायालयाच्या वाटेनें. माणसास पकडणें, मग त्याची मालमत्ता जप्त करणें हे त्याचे जुने अर्थ, आणि मायेनें गुंतणें हा फार पुढचा. संस्कृतांतहि 'सञ्ज्' म्हणजे चिकटणें, त्यापासूनच 'आसक्त'. मुलाबाळांविषयींची आसक्ति आणि घरावर आलेली जप्ती ह्या दोहोंस इंग्रजांनीं एकच नांव ठेविलें. ठरवून ठेविलें नसेल, पण ठेविलें खरें.

आणखी एक गोष्ट नातीस सांगितल्यावांचून राहवेना. 'जॉइन', 'जंक्शन', 'कंजंक्शन' ही सारी मंडळी लॅटिन 'युंगेरे' ह्या धातूचीं लेंकरें, आणि तो धातु आपल्या 'युज्'चा सख्खा भाऊ. बैलाच्या मानेवरील जूं म्हणजे संस्कृत 'युग', तेंच इंग्रजींत 'योक'. 'बाइंड' आणि 'बन्ध्' हेहि तसेच सगोत्र. सन १७८६ मध्यें सर विल्यम जोन्स ह्यांनीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांचें मूळ एकच असावें असें बोलून दाखविलें, तेव्हांपासून ह्या नात्याची चर्चा विद्वानांत रूढ झाली. पुढें युरोपीय वैयाकरणांनीं आपले 'संधि', 'द्वंद्व' आणि 'बहुव्रीहि' हे शब्द जसेच्या तसे उचलले. जोडण्याच्या शास्त्रांत त्यांनीं आपल्याकडून उसनें घेतलें, हें ऐकून नात खूष झाली.

येथवर सर्व ठीक चाललें होतें. पण तिनें पुढें विचारलें, "मग 'कनेक्टेड टू' म्हणायचें कीं 'कनेक्टेड विथ'?" आणि आमचा घांस हातांतच राहिला.

सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. नववीच्या एका मुलानें विजेच्या घंटेवर निबंध लिहिला होता. त्यांत 'द वायर इज कनेक्टेड टू द बेल' असें वाक्य होतें. आम्हीं 'टू' खोडून तांबड्या शाईनें 'विथ' लिहिलें. मुलगा उठून म्हणाला, "सर, विज्ञानाच्या पुस्तकांत 'टू'च आहे." आम्ही म्हणालों, "विज्ञानाच्या पुस्तकांतून इंग्रजी शिकायचें नसतें," आणि त्यास तास संपेपर्यंत उभें केलें. वर्ग हंसला. सायंकाळीं कोश उघडला. तारेसारखी प्रत्यक्ष जोडणी असेल तर 'टू', आणि एखाद्या संस्थेशीं किंवा प्रकरणाशीं संबंध असेल तर बहुधा 'विथ', हें तेथें उदाहरणांसह स्वच्छ दिलें होतें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत तसें सांगावयास हवें होतें. आम्हीं सांगितलें नाहीं. तो मुलगाहि पुन्हां आमच्या तासास आपण होऊन कधीं बोलला नाहीं.

चूक कोठून झाली तें नंतर पुष्कळदां मनांत घोळविलें. तार घंटेशीं जोडली, त्याचा त्या प्रकरणाशीं संबंध आहे, गोविंदाचें लग्न यमुनेशीं झालें; मराठीस एक 'शीं' तिन्ही ठिकाणीं पुरतो. आमच्या कानांत त्यावर संस्कृतांतील 'सह' आणि तृतीया. इंग्रजींत मात्र तारेस 'टू', प्रकरणास 'विथ' आणि लग्नास पुन्हां 'टू'. आपल्या लोकांच्या पत्रांतून 'मॅरीड विथ' डोकावतें तें ह्या 'शीं'मुळेंच. नोकरी 'जॉइन' करितांना तर कोणतेंच शब्दयोगी लागत नाहीं; तरी अर्जांतून 'जॉइन्ड इन' आढळतें. (त्यापेक्षां आपलें 'रुजू होणें' किती सुबक!)

गेल्या दिवाळीच्या सुमारास घरांत इन्व्हर्टर बसवावयाचा होता. काम करावयास आला तो हाच विद्यार्थी. आतां त्याचा स्वतःचा विजेच्या कामाचा धंदा आहे. त्यानें वांकून नमस्कार केला. चहा होईपर्यंत आम्हीं ती जुनी गोष्ट काढली व चूक आमची होती असें सांगितलें. तो हंसला. "सर, 'टू' बरोबर आहे हें मला त्या दिवशींहि ठाऊक होतें," म्हणाला, आणि पेला ठेवून शिडीवर चढला.

हें सारें ऐकून घेतल्यावर नातीनें विचारलें, "पण आजोबा, तुम्हीं त्याची माफी मागितलीत ना?"

मागितली, असें आम्हीं सांगितलें. मात्र त्यास उभें केलें तेव्हां समोर चाळीस मुलें होतीं, आणि माफी मागितली तेव्हां माजघरांत आम्ही दोघेच होतों.