फेरफाराची पहिली नोंद

जमीन घेताना शहाणा माणूस नुसता सातबारा पाहून थांबत नाही, जुने फेरफार काढतो. आजचे नाव उताऱ्यावर कसे चढले, हे तिथेच कळते. बीजिंगच्या युआनमिंगयुआन राजोद्यानातील ब्राँझच्या पशुमुखांची मालकी याच रीतीने तपासायला हवी, असे मला वाटते. अठराव्या शतकात छ्येनलुंग बादशहासाठी कास्तिल्योने या जेझुइट चित्रकाराने तिथे युरोपीय धर्तीचे महाल आखले, तर कारंज्यांची रचना मिशेल बेन्वाने केली. चिनी कालगणनेतील बारा प्राण्यांची मुखे पाळीपाळीने दोन-दोन तास पाणी सोडत आणि भर दुपारी बाराही मुखांतून एकदम धारा उडत. ते पाण्याचे घड्याळच होते. १८६० च्या ऑक्टोबरात इंग्रज-फ्रेंच फौजांनी हे उद्यान लुटले. त्यांच्या कैद झालेल्या माणसांचा छळ होऊन त्यांतले काही मेले होते. त्याचा सूड म्हणून लॉर्ड एल्गिनने ते जाळायला लावले. हाच एल्गिन पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला.

२००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात उंदीर आणि ससा ही दोन मुखे आली. ईव्ह सॅन लोराँ आणि पिएर बेर्जे यांच्या संग्रहातली ही मुखे. विक्री थांबवण्याची मागणी तिथल्या न्यायालयाने फेटाळली. एकेका मुखाची किंमत शुल्कासह १ कोटी ५७ लाख युरोंवर गेली. बोली लावणाऱ्या चिनी गृहस्थाने मग पैसे द्यायला नकार दिला. बेर्जे यांनी ती रीतसर विकत घेतली होती, हे मला मान्य आहे. पण खरेदीखत विकणाऱ्यापाशी जेवढा हक्क होता तेवढाच पुढे देते. यावर कुणी विचारील, प्रत्येक मुख १८६० च्याच लुटीत गेले याला पुरावा काय? प्रश्न रास्त आहे. काही मुखे नंतर, उजाड पडलेल्या बागेतून उचलली गेली असतील. तरी त्याने विक्रेत्याची बाजू बळकट होत नाही. उद्यानाच्या धन्याने ती दिली किंवा विकली, अशी नोंद दाखवण्याचे ओझे ज्याच्या हाती वस्तू आहे त्याच्यावरच राहते. मुदतीचा कायदा दावा बाद करील, पण तेवढ्याने हक्क सिद्ध होत नाही. तिबेटला स्वातंत्र्य द्या, मग मुखे देतो, असे बेर्जे म्हणाले. तिबेटची कळकळ खरी मानली तरी दुसऱ्याची वस्तू ओलीस ठेवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

विकत घेऊन परत आणणे हाही उपाय मला पटत नाही. २००० मध्ये चिनी सरकारी कंपनीने बैल, वाघ आणि माकड हाँगकाँगच्या लिलावांतून घेतले. २००७ मध्ये स्टॅन्ली हो यांनी घोड्यासाठी ६ कोटी ९१ लाख हाँगकाँग डॉलर मोजले. त्यामागची माया मोठी, पण अशा प्रत्येक खरेदीने पुढच्या मुखाचा भाव चढतो आणि विक्रेत्याच्या मालकीवर शिक्का बसतो. २०१३ मध्ये उंदीर आणि ससा विनामोबदला परत गेले, ते देणारे पिनो कुटुंब २००९ चा तो लिलाव करणाऱ्या लिलावगृहाचेच मालक होते. नाग, मेंढा, कोंबडा आणि कुत्रा यांचा अजून पत्ता नाही. उद्या त्यांतले एखादे मुख लिलावाला आलेच, तर यादीत किमतीच्या आधी पहिल्या मालकानंतरचा तो कोरा रकाना कोराच छापावा.