मार्कंड्याची वाट आणि पेट्रोलाचा हिशेब

चंद्रपुराहून मूल, सावली, गडचिरोली व चामोर्शी करीत मार्कंड्यास जाण्याची वाट आम्हांस नवी नाहीं. आमच्या वहिनींचें माहेर चामोर्शीचें. वैनगंगा जेथें उत्तरवाहिनी होते तेथें मार्कंडेश्वराचें दर्शन घेतल्याखेरीज त्यांचें वर्ष सरत नाहीं. पूर्वीं त्या एस्. टी.नें जात, आतां गुडघे साथ देत नाहींत. म्हणून गेल्या वैशाखांत घरची मोटार विकून टाकण्याची गोष्ट निघाली, तेव्हां सर्वांत अधिक गप्प झाल्या त्या वहिनीच.

ही मोटार म्हणजे २०१३ सालची टोयोटाची कॅमरी हायब्रिड. पुतण्या परदेशीं जातांना ती आम्हांपाशीं ठेवून गेला. हायब्रिड म्हणजे संकर. पेट्रोलाचें इंजिन व विजेची मोटर हीं दोन्ही एकाच जुवाला जोडलेलीं. हिला बाहेरून वीज भरावी लागत नाहीं. गाडी मंदावतांना जी शक्ति एरवीं ब्रेकच्या उष्णतेंत वायां जाते, तीच वीज होऊन बॅटरींत सांठते व पुन्हां निघतांना कामास येते. जटपुरा दरवाज्यांत वाहनें खोळंबलीं कीं भोंवतालचीं इंजिनें धूर ओकीत राहतात आणि आमची गाडी मौन धरून उभी असते. या मौनाचा आम्हांस थोडा अभिमानही होता, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु लिटरला सतरा-अठरा किलोमीटर चालणारी ही गाडी हळूहळू बारांवर आली. एका कारखान्यांत दाखविली. तेथें बॅटरी संपत आली असें सांगण्यांत आलें, आणि नव्या बॅटरीचा आंकडा लाखाच्या पुढें! एवढा खर्च कोणी करावा? तेव्हां चामोर्शीस वहिनींच्या भाच्याची मुंज होती, तेवढी एक खेप करून गाडी काढून टाकावी असें ठरलें. जातांना आम्हीं आपल्या बुद्धीप्रमाणें काटकसर आरंभिली. वातानुकूलन बंद केलें, खिडक्या उघडल्या, आणि वहिनींच्या पाठीस आधार म्हणून मागील आसनावर दोन जाड गोधड्या रचल्या. पारा ४५ च्या पुढें गेलेला. सागाचीं पानें झडून रान उघडें पडलेलें. वाटेंत ठिकठिकाणीं तेंदूपानांचे पुडे उन्हांत वाळत मांडलेले. खिडकींतून भट्टीची झळ येत होती आणि इंजिन क्षणभर म्हणून गप्प बसेना. परत येऊन हिशेब पाहतों तों लिटरला अकरा!

आमची बारावींतील नात त्या सायंकाळीं गाडीचें पुस्तक घेऊन बसली. "आधीं प्रश्न नीट वाचा" असें वर्गांत बजावण्यांत आमचा सारा जन्म गेला; पण हें पुस्तक आम्हीं कधीं उघडलें नव्हतें. थोड्या वेळानें ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही बॅटरीचें नाकच दाबून धरलें आहे!"

गोष्ट अशी. मोठी बॅटरी मागील आसनाच्या पाठीमागें असते. ती निवावी म्हणून एक पंखा आसनाजवळच्या जाळींतून गाडींतलीच हवा ओढून घेतो. त्या जाळीवर आमच्या गोधड्या! शिवाय आंत कित्येक वर्षांची धूळ. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीजकेंद्र यांच्या शेजारीं राहणाऱ्यास धुळीची काय वाण? बॅटरी फार तापली कीं यंत्रणा तिच्याकडून काम घेणें कमी करते व सारा भार इंजिनावर पडतो. वातानुकूलनास वीज लागते हें खरें. परंतु वैशाखांतल्या चंद्रपुरांत तें बंद ठेवून आम्हीं जेवढें वांचविलें, त्याहून अधिक घालविलें.

जाळी व पंखा जाणत्या कारागिराकडून साफ करविला. तेथें उच्च दाबाची वीज खेळते. घरच्या माणसानें हात घालूं नये. चाकांतील हवा पहांटे, टायर थंड असतांना, दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणें भरली. चारांपैकीं दोन चाकें अर्धपोटीं निघालीं. इंजिनांत पुस्तकांत सांगितलेलें पातळ तेल घातलें. एवढ्यानें जुना आंकडा पुरा भरून येईल अशी मात्र आशा नव्हती. आजच्या पेट्रोलांत सुमारें २० टक्के इथेनॉल असतें, आणि इथेनॉलांत तितक्याच मापाच्या पेट्रोलापेक्षां ऊर्जा जवळजवळ एकतृतीयांश कमी. तेवढ्या घटीचें खापर गाडीवर फोडणें अन्यायाचें.

ज्येष्ठाच्या आरंभीं टाकी भरून पुन्हां निघालों. नलोपाख्यानांत ऋतुपर्ण राजा याच विदर्भाच्या वाटेवर बेहड्याचीं पानें-फळें मोजून दाखवितो आणि सारथि झालेला नळ त्या गणनविद्येच्या मोबदल्यांत आपली अश्वविद्या देतो. बेहडे या रानांतही पुष्कळ आहेत. आमचे चिरंजीव हांकीत होते, आम्ही वही घेऊन किलोमीटर मोजीत होतों. चिचपल्लीच्या पुढें समोर गुरें दिसलीं कीं ते दुरूनच पाय उचलीत व ब्रेक हलकेंच दाबीत. ब्रेक एकदम करकचून दाबला तर परत मिळणारी बरीचशी शक्ति घर्षणांतच जाते. फाटकापाशीं थांबतांना दांडी न्यूट्रलवर नेण्याची त्यांची जुनी संवय नातीनें मोडली, कारण त्या स्थितींत बॅटरी भरत नाहीं. वेग साठाच्या आसपास. हें रान वाघांचें; येथें याहून घाई करणें केवळ पेट्रोलासच नव्हे तर वन्यजीवांसही महाग पडतें. एके ठिकाणीं गाडी नुसत्या विजेवर इतकी नीरव सरकली कीं कडेचीं चितळें मान वर करून पाहत राहिलीं, पळालीं नाहींत. मात्र पादचाऱ्यासही ती ऐकूं येत नाहीं, म्हणून गांवांतून हॉर्न आठवणीनें वाजवावा लागे.

व्याहाडापुढें वैनगंगेचा पूल लागला. वहिनींनीं हात जोडले. मागील आसन मोकळें होतें, गाडी गार होती, आणि मार्कंड्याच्या पायऱ्यांपर्यंत त्यांनीं एकदांही पाठ दुखते म्हणून म्हटलें नाहीं.

परतल्यावर त्याच पंपावर टाकी पुन्हां भरली. २५० किलोमीटरांस साडेपंधरा लिटर, म्हणजे लिटरला सोळांहून किंचित् अधिक. चिरंजीवांनीं विक्रीसाठीं काढलेलीं गाडीचीं छायाचित्रें त्या रात्रीं पुसून टाकलीं. गोधड्या आतां डिकींत असतात, आणि श्रावणांतील पहिला सोमवार कोणत्या तारखेस येतो हें वहिनींनीं आम्हांस आतांच विचारून ठेविलें आहे.